प्लास्टर निघाले... पुढे काय?

आपल्या होस्टेलवर दर सेमिस्टरला एक तरी पांढरा हात नाहीतर पांढरा पाय दिसतोच. पोरं त्या प्लास्टरवर स्केचपेनने काय काय लिहितात, फोटो काढतात, मेसमध्ये त्याला ताट आणून देतात. मग एक दिवस प्लास्टर निघते, सगळे म्हणतात "सुटला बिचारा", आणि विषय संपतो.

विषय तिथे संपत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. मी डॉक्टर नाही, यंत्र विभागाच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. पण एकाच गाडीवरून, एकाच क्षणी पडलेल्या दोघांपैकी मी एक आहे. ज्याला जास्त लागले होते तो आज व्हॉलीबॉलच्या टीममध्ये आहे. ज्याला कमी लागले होते त्याचा उजवा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. तो मी. हे असे उलटे का झाले, त्याचा हा अभ्यास समजा.

तो रविवार

डिसेंबर २०२३. आम्ही सेकंड इयरला होतो. ओतूरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यावर सकाळी पक्षी बघायला जायचे असे ठरले. मी आणि माझा रूममेट, एक गाडी. गाडी तो चालवत होता, हेल्मेट फक्त त्याच्या डोक्यावर. परत येताना महामार्गाने यायचे सोडून आम्ही पाटाच्या कडेचा मातीचा रस्ता धरला. कारण काय, तर शॉर्टकट आणि थोडी मजा.

दोन्ही बाजूंना ऊस. अशा वळणावर समोरचे काही दिसत नाही. शेतातून कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप रस्त्यावर येत होती. रूममेटने पुढचा ब्रेक दाबला. सुक्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, सैल मातीवर तो बराच कमी. पुढचे चाक जाम झाले आणि गाडी आडवी घसरत पिकअपच्या बंपरखाली गेली. वेग फार नव्हता. तरी त्याचा डावा पाय गाडी आणि बंपर यांच्यामध्ये सापडला. मी बाजूला उडालो आणि पडताना उजवा हात पुढे टेकवला.

पिकअपवाले काका शिव्या देत खाली उतरले, पण आमची अवस्था बघून गप्प झाले. अर्ध्या गोण्या त्यांनी तिथेच उतरवल्या आणि आम्हाला गाडीत घातले. त्याच्या नडगीला उसाचे दोन दांडके टॉवेलने बांधले, पाय हलू नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवले होते देव जाणे, पण पुढे डॉक्टरांनी त्या बांधण्याचे कौतुक केले.

रूममेटची नडगी मोडली होती, दोन्ही हाडे. माझे कोपर निखळले होते, हाड कुठेही मोडले नव्हते. डॉक्टरांनी भूल देऊन कोपर जागेवर बसवले, मागून प्लास्टरची पट्टी लावली आणि हात गळ्यात अडकवला. मी संध्याकाळी होस्टेलवर परत. रूममेटला त्याचे आईवडील पुण्याला घेऊन गेले. त्या रात्री मला वाटले, आपण थोडक्यात वाचलो.

पहिले ४८ तास

मातीत पडल्याने झालेली जखम डांबरावरच्या जखमेपेक्षा वेगळी असते. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात राहतात. म्हणून वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम भरपूर धुणे हे पहिले औषध. हळद, चहापूड, टूथपेस्ट, राख यातले काही लावायचे नाही. माती आत राहिली तर जखम चिघळते, आणि वरून भरली तरी कातडीत काळे डाग कायमचे राहतात. मातकट जखम असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

डोक्याला मार असेल तर पहिली रात्र त्या मुलाला खोलीत एकटे ठेवू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी झोप, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी एक लहान, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. "झोपू दे त्याला, थकलाय" हे वाक्य होस्टेलवर फार धोक्याचे आहे.

पोटाचेही तसेच. हँडल पोटात घुसले तर बाहेर खरचटलेलेही दिसत नाही, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंड फाटलेले असू शकते. पोट कडक होणे, चक्कर, घाम, कारण नसताना डावा खांदा दुखणे ही त्याची चिन्हे. बंगळुरूची ऐश्वर्या पिसे २०१८ मध्ये स्पेनमधील बाहा अरागॉन या मातीवरच्या शर्यतीत पडली आणि तिच्या स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. २०१९ मध्ये तिनेच महिला गटात एफआयएमचा बाहा विश्वचषक जिंकला. आपण तिचे जिंकणे फॉरवर्ड करतो. त्या दोन घटनांच्या मधले महिने मात्र कुणाच्याच स्टेटसवर नसतात.

प्लास्टर: आत काय चालते?

आता थोडे आपल्या भाषेत बोलू. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तीन चतुर्थांश पाणी गमावलेले जिप्सम. पाणी मिळाले की ते पुन्हा जिप्सम होते आणि उष्णता बाहेर टाकते, म्हणून प्लास्टर ओले असताना गरम लागते. हाताला ते कडक लागले तरी पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस जातात. तोपर्यंत कॉटच्या लोखंडी कडेवर ठेवले तर तिथे खळगा पडतो आणि तो आतून कातडीला टोचत राहतो.

प्लास्टर फुगत नाही, पण आतला हात किंवा पाय सुजतो. बंद भांड्यात दाब वाढला तर काय होते हे आपण थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात लिहून आलेलो आहोत. स्नायूंमधला दाब वाढला की रक्तपुरवठा अडतो आणि सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. खूण अशी की गोळी घेऊनही दुखणे वाढतच जाते, आणि दुसऱ्याने बोटे हळूच ताणली तर जीव जातो. बोटे बधिर, गार किंवा निळसर होण्याची वाट बघू नका, तोपर्यंत उशीर झालेला असतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रेक्टर सरांना उठवा. प्लास्टर कापून सैल करायला पाच मिनिटे लागतात.

सूज कमी ठेवण्याचा उपाय फुकट आहे. पहिले दोन-तीन दिवस हात किंवा पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा आणि प्लास्टरबाहेरची बोटे सतत हलवायची. आणि हो, खाज आली म्हणून ड्रॉइंगची स्टीलपट्टी आत घालायची नाही. मी घातली होती. आत जखम झाली, वास यायला लागला, आणि माझ्या शेजारचा बेंच आठवडाभर रिकामा राहिला.

हाड हे जिवंत मटेरियल

आपण मोडलेला शाफ्ट वेल्ड करतो आणि थंड झाला की वापरतो. हाडाचे तसे नाही. आधी मोडल्या जागी रक्ताची गाठ होते, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षेही, शरीर ते हाड तासून मूळ आकारात आणते. जर्मन शल्यविशारद जूलियस वुल्फ याने १८९२ मध्ये मांडले की हाडावर जसा भार येतो तसे ते स्वतःला घडवते. भार नाही तर हाड पातळ होते. म्हणजे विश्रांतीसुद्धा मोजून घ्यायचे औषध आहे.

रूममेटच्या नडगीत आतून सळई घातली. ही कल्पना जर्मनीतल्या कील येथील गेरहार्ड कुंचर याची, १९३९ सालची. हाडाच्या पोकळ मध्यातून सळई गेली की ती आसावर बसते आणि वाकवणारा ताण कमी येतो. वर-खाली आडवे स्क्रू टाकले की हाड फिरत नाही. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०, आणि आपल्या कठीण हाडाचा १७ ते २०. त्यामुळे धातू जास्त भार स्वतःकडे घेतो आणि हाड आळशी होऊ शकते.

दुसरी बाजू फटिगची. पाय टेकला की सळईवर एक लोड सायकल. हाड जुळले नाही तर एक दिवस सळई किंवा स्क्रू तुटणारच, मग ते कितीही महागडे असो. हाड आधी जुळते की धातू आधी थकतो, अशी ही शर्यत असते. कोण पुढे आहे हे बाहेरून दिसत नाही. ते एक्स-रेत दिसते. फॉलो-अप म्हणजे दुसरे काही नाही, त्या शर्यतीचा स्कोअर बघणे.

वही आणि बिनवहीचा

रूममेटच्या आईने शंभर पानी वही केली होती. पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख. दोन आठवड्यांनी टाके. सहा आठवड्यांनी एक्स-रे. पाय किती टेकवायचा, कुबडी एक की दोन, कोणती गोळी कधी बंद, सगळे त्यात. काकूंचे शिक्षण सातवीपर्यंत, पण ती वही आपल्या कुठल्याही जर्नलपेक्षा नीट होती. प्रत्येक तारखेला ते ओतूरहून पुण्याला गेले, एसटीने, जाता-येता पूर्ण दिवस मोडून. आम्ही त्याला चिडवायचो, "काय रे, पुन्हा दर्शनाला चाललास?"

सोळाव्या आठवड्याच्या एक्स-रेत दिसले की हाड जुळायला उशीर होतोय. दुखत काही नव्हते, तो चालत होता. डॉक्टरांनी एका बाजूचा आडवा स्क्रू काढला. म्हणजे सळईवरचा भार कमी करून चालताना हाडाच्या दोन टोकांवर दाब येऊ दिला. यालाच डायनॅमायझेशन म्हणतात. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत हाड भरले. त्या दिवशी तो गेला नसता तर? वर लिहिलेली शर्यत आठवा.

आता माझे. मला दहाव्या दिवशी बोलावले होते. कोपर निखळले असेल आणि हाड मोडलेले नसेल तर साधारण एक-दोन आठवड्यांतच हालचाल सुरू करतात, कारण कोपर हा शरीरातला फार लवकर आखडणारा सांधा आहे. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माझी ओरल होती आणि सबमिशन बाकी होते. शिवाय पट्टीत हात दुखत नव्हता. मनात म्हटले, जितके दिवस जास्त बांधून ठेवू तितके जास्त मजबूत होईल. दहाचे वीस झाले, विसाचे पस्तीस. पाच आठवड्यांनी पट्टी मी स्वतःच खोलीवर कापली. हात नव्वद अंशात होता आणि तिथेच राहिला.

सुट्टीत गावी गेलो. माझे गाव माळशेज उतरल्यावर, मुरबाडकडे. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेले. माणूस वाईट नव्हता. पैसे मागितले नाहीत, मायेने बोलला. रोज गरम तेलाने कोपर चोळायचा आणि दोन्ही हातांनी जोर लावून सरळ करायचा. मी ओरडायचो, तो म्हणायचा, "आज दुखेल, उद्या सुटेल." दोन आठवड्यांनी कोपर सुजले, गरम झाले आणि होते तेवढेही हलेना.

एक्स-रे काढला तेव्हा कोपराच्या पुढच्या बाजूला, स्नायूच्या जागी, कापसाच्या बोळ्यासारखी पांढरट छाया होती. डॉक्टर म्हणाले, "हे नवीन हाड आहे. नको तिथे तयार झालंय. कोणी चोळलं का?" मी बाबांकडे बघितले, बाबांनी खाली बघितले. दुखावलेला कोपर जोरात चोळला, ताणला तर स्नायूत असे हाड धरू शकते. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. उपाय म्हणजे आधी चोळणे बंद, जोर लावणे बंद, आणि थांबणे. ते पिकल्याशिवाय ऑपरेशनही करत नाहीत.

मावशींचा प्रश्न

खरे सांगायचे तर त्यानंतरही मी महिनाभर कुणाकडे गेलो नाही. लाज वाटत होती. होस्टेलवर मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो आणि कुणाला काही कळत नाही असे समजायचो.

एका रात्री मेसमध्ये भाजी वाढताना मावशी थांबल्या. म्हणाल्या, "काय रे पोरा, महिना झाला बघतेय, मान खाली घालून जेवतोस. घरी काही झालंय का? का कुणाशी भांडलास?"

मी काहीच बोललो नाही. माझ्या तेव्हा लक्षात आले की मी मान खाली घालत नव्हतो. हात तोंडापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून मीच तोंड हातापर्यंत नेत होतो, आणि ते मलाही माहीत नव्हते. डाव्या हाताने जेवायची सवय नाही, चमच्याने खाल्ले तर पोरं विचारतील, म्हणून शरीराने आपोआप हा मार्ग काढला होता. मावशींनी ताटात आणखी एक पोळी टाकली आणि म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जा. सरांना मी सांगते." दुसऱ्या दिवशी रेक्टर सरांनी स्वतःच्या गाडीवर नेऊन सोडले.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी कोनमापकासारखे एक यंत्र काढले. निरोगी कोपर शून्यापासून सुमारे १४० अंशांपर्यंत वाकते. रोजच्या कामांना साधारण ३० ते १३० एवढे लागते. माझे होते ३५ ते ११०. ते वीस अंश म्हणजे घास, शर्टाचे वरचे बटण आणि कानाला लावलेला फोन.

मॅडमचे नियम सोपे होते. आधी कोमट शेक. मग स्वतःच्या ताकदीने, दुसऱ्याने न ढकलता, जितके वाकेल तितके वाकवायचे, तितकेच सरळ करायचे, दहा वेळा. असे दिवसातून पाच-सहा वेळा. "व्यायामाचं दुखणं तासाभरात उतरलं पाहिजे. रात्रीपर्यंत राहिलं तर तू जास्त केलंस, उद्या कमी कर." जास्त केले की जास्त फायदा, हे आपले सबमिशनच्या आदल्या रात्रीचे तत्त्वज्ञान इथे चालत नाही.

मी ग्राफपेपर घेतला. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर अंश. चौथ्या आठवड्यात ३० ते ११८. मग सलग पाच आठवडे रेषा आडवी. त्या पाच आठवड्यांत मी दोनदा ठरवले की आता बस. रूममेटने तो ग्राफ खोलीच्या दारावर चिकटवला आणि रोज रात्री झोपण्याआधी "आज किती?" असे विचारू लागला. सहा महिन्यांनी २० ते १२८. आज १५ ते १३०. घास तोंडापर्यंत जातो. पण शेवटचे पंधरा अंश आता येणार नाहीत असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

टेक्निकल एंट्रीने सैन्यात जायचे माझ्या मनात होते. तिथल्या वैद्यकीय तपासणीत कोपर बघतात. ती फाइल मी कपाटात वर ठेवून दिली आहे. अपघाताने माझे कोपर फक्त निखळवले होते. ते पंधरा अंश मी स्वतः, दहाव्या दिवसाची तारीख चुकवून, घालवले.

कागद आणि पैसे

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांचा आकडा पेपरात मोठ्या अक्षरात येतो. ते सव्वाचार लाखांहून अधिक जखमी घरी आल्यावर त्यांचे काय होते, हे कुणी छापत नाही.

५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे. मोटार अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगली योजना आहे, लक्षात ठेवा. पण हिशेब करा. योजना सात दिवसांची आणि नडगी तीन ते सहा महिन्यांची. आठव्या दिवसापासूनचा खर्च, एसटीचे तिकीट, एक्स-रे, फिजिओ हे सगळे आपल्या खिशातून. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. पुढच्या तपासण्यांसाठी दर वेळी पुण्यालाच जायला हवे असेही नाही. जुन्नरला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कोणती तपासणी जवळ चालेल हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावे.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, बिले आणि पोलीस नोंदीचा क्रमांक हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, आणि ती उपचारांच्या धावपळीत कधी जाते कळत नाही. लिहिता हात जायबंदी असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून लेखनिकासाठी परीक्षा विभागाकडे लवकर अर्ज करा. मी ते वेळेत केले, म्हणून माझे वर्ष वाचले. एवढी एकच गोष्ट मी वेळेत केली.

होस्टेलसाठी दहा ओळी

१. पुढच्या तपासणीची तारीख जखमीच्या मोबाईलमध्ये तर ठेवाच, रूममेटच्याही मोबाईलमध्ये ठेवा. जखमी विसरतो, कधी कधी मुद्दाम.

२. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी, डोक्याचे सात ते दहा, हातापायाचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. ते खोलीवर ब्लेडने काढू नका.

३. जखमेभोवतीची लाली पसरणे, पू, ताप हे दिसले तर तारखेची वाट न बघता जा.

४. पायाचे प्लास्टर किंवा ऑपरेशन असेल आणि पोटरी अचानक सुजून दुखू लागली, धाप लागली, तर १०८ ला फोन करा. शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

५. सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो. टपरीवर त्याला "एकच घे" म्हणू नका.

६. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, नाचणी आणि सकाळचे ऊन. महागड्या पावडरीची गरज नसते.

७. दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका, मित्राच्या चिठ्ठीवर तर अजिबात नको.

८. अपघातात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि ऊर्जा शोषतो, दुसऱ्यांदा त्यात काही उरत नाही. नवीन घेताना आयएस ४१५१ चा शिक्का बघा. आणि मागे बसणाऱ्यालाही डोके असते.

९. हाडवैद्याकडे जाण्याआधी निदान एक्स-रे डॉक्टरांना दाखवा. कोपर तर कुणालाही चोळू देऊ नका.

१०. अपघातानंतर झोप न लागणे, हॉर्न वाजला की दचकणे, गाडीवर बसायची भीती हीसुद्धा जखमच. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटी

परवा कपर्दिकेश्वराला गेलो होतो. नदीच्या पुलावर ते पिकअपवाले काका भेटले. त्यांनी मला ओळखले, आधी माझा हात हातात घेतला आणि हलवून बघितला. "सरळ होत नाही अजून?" म्हणाले. मी म्हटले, "नाही काका, एवढाच होतो." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी हॉर्न दिला असता तर." मी त्यांना सांगितले, "काका, तुम्ही आम्हाला वेळेत पोहोचवलंत. तुमचं काम तुम्ही केलंत. माझं मी केलं नाही."

त्यांना ते पटले की नाही माहीत नाही. पण तुम्हाला पटावे म्हणून हे सगळे लिहिले. डाव्या-उजव्या कुठल्याही खोलीत आज कुणाचा हात गळ्यात असेल तर हा अंक मिटा, त्याच्याकडे जा आणि एकच विचारा, "तुझी पुढची तारीख कधी आहे?" आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जा.

— अंतिम वर्ष, यंत्र विभाग